तुझी दिवसाची झोप

आई,

तुझी नात आता रात्री काम करते आणि दिवसा झोपते. परदेशातल्या कंपनीचं काम, घरूनच, पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून. दोन महिने तिचे डोळे सुजलेले असायचे, काही बोललं की चिडायची. म्हणून परवा मी मधली खोली तिच्यासाठी तयार केली. खिडकीला जाड काळा पडदा शिवून घेतला, वरच्या झरोक्याच्या काचेवर खाकी कागद चिकटवला, भिंतीवरचं घड्याळ काढून हॉलमध्ये लावलं, दारावरच्या बेलची वायर सोडवली, फरशी गार पाण्याने पुसली. ती उंबऱ्यात उभी राहून बघत होती. अप्पा, तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक, असं तिनं विचारलं. पेपरात वाचलं, मी म्हणालो. तुझं नाव तोंडातून निघालं नाही. तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे.

तू हॉस्पिटलात नर्स होतीस आणि महिन्यातले पंधरा दिवस तुला रात्रपाळी असायची. सकाळी आठला बसमधून उतरायचीस, आंघोळ करायचीस, दोन घास दहीभात खायचीस आणि नऊ वाजता मधल्या खोलीत शिरायचीस. तंजावूरच्या उन्हात दिवसा झोपणं सोपं नव्हतं, पण तू ती झोप अगदी बेतून घ्यायचीस. अण्णांचं कमरेला गुंडाळायचं जुनं वेष्टी पाण्यातून पिळून खिडकीवर टाकायचीस, म्हणजे वारा गार येई. खाटेऐवजी कोरैच्या गवताची चटई. कुकरच्या शिट्ट्या नऊच्या आत. फुलं विकणारी बाई गल्लीच्या तोंडापासून ओरडत यायची, पण आपल्या दारापाशी आली की तिचा आवाज खाली जायचा. तिलाही तू कधीतरी सांगून ठेवलं असशील. तीन वाजता उठायचीस तेव्हा तुझा चेहरा ताजा असायचा. आमच्या घरात कॉफीचा वास तीन वाजता यायचा, सकाळी नाही.

मग आपल्याकडे रंगीत टीव्ही आला आणि गल्लीत केबल आली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. टीव्ही आधी हॉलमध्येच ठेवला होता, पण रस्त्याचं ऊन थेट पडद्यावर यायचं, चेंडू दिसायचा नाही. घरात अंधारी खोली एकच होती. मी तुला म्हणालो, ही क्रिकेटची मालिका संपेपर्यंत तू मागच्या खोलीत झोप. मागची खोली म्हणजे वर सिमेंटचा पत्रा, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर. तुला तर एवढी दमणूक असते, कुठेही झोप लागेल, असंही मी म्हणालो. तू चटई गुंडाळलीस, ओलं वेष्टी खांद्यावर टाकलंस आणि मागे गेलीस. मालिका संपली, दुसरी सुरू झाली. मग सिनेमे, गाणी. माझे चार मित्र दुपारचे येऊन बसत. वर्षभर तू त्या पत्र्याखाली होतीस.

त्याबद्दल एकदाच बोललीस. मी विचारलं होतं, तिकडे झोप येत नाही का. विचारण्यात काळजी कमी आणि कंटाळा जास्त होता. तू म्हणालीस, "येते रे कण्णा. राहत नाही."

त्या वर्षी एकदा तू सकाळी आठऐवजी अकराला घरी आलीस. बसमध्ये तुला डोळा लागला होता. आपला थांबा मागे गेला आणि ओरत्तनाडूला कंडक्टरनं खांदा हलवून तुला उठवलं. मी ते मित्रांना रंगवून सांगितलं. आम्ही हसलो. तू मागे चटई घालत होतीस, तुला ऐकू गेलंच असणार.

त्यानंतर महिनाभरात ते झालं. वॉर्डात एका म्हाताऱ्याला सलाईन लावून तू शेजारी स्टुलावर बसलीस आणि तुला झोप लागली. बाटली संपली, नळीत रक्त उलटं चढलं. त्याच्या सुनेनं पाहिलं आणि ती धावत गेली. म्हाताऱ्याला काही झालं नाही, पण तुला मेमो मिळाला. अण्णा पापनाशमच्या ऑफिसातून संध्याकाळी आले तेव्हा तू त्यांना सांगितलंस. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नाही, आता एवढी झोप येते कशी तुला, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मी तिथेच होतो. तू माझ्याकडे पाहिलं असतंस तर मी कदाचित बोललो असतो. तू पाहिलं नाहीस. मला वाचवण्यासाठीच तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, हे मला तेव्हाही समजत होतं.

मेमोला इंग्रजीत उत्तर द्यायचं होतं. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून तू कागद घेऊन माझ्याकडे आलीस. मी मधल्या खोलीतच बसलो होतो. टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र चालूच ठेवलं. चूक झाली, माफी असावी, पुन्हा होणार नाही, एवढं तू सांगितलंस. कारण काय लिहू, मी विचारलं.

"कारण नको लिहूस. घरातलं घरात असू दे."

मी लिहिलं की हा सर्वस्वी माझा निष्काळजीपणा आहे. तुझ्या नावानं, माझ्या अक्षरात. 'सर्वस्वी' हा शब्द तू सांगितला नव्हतास. तो चांगला दिसेल म्हणून मी घातला. तू वाचलंस, बरं लिहिलंयस म्हणालीस आणि खाली सही केलीस.

वॉर्डातून काढून त्यांनी तुला कपडे आणि कापसाचे गोळे निर्जंतुक करायच्या खोलीत बसवलं. दिवसाची पाळी. लोकांना वाटलं, सुटलीस. तू दोन-तीनदा म्हणालीस की तिथे बोलायला कोणी पेशंट नसतो, आणि मग म्हणायचं थांबलीस. निवृत्त होईपर्यंत तू तिथेच होतीस. त्यानंतर चार वर्षांनी गेलीस. अखेरच्या आजारपणात तुझ्या उशाशी मी कितीतरी दुपारी बसलो. आपण औषधांबद्दल बोललो, तुझ्या नातीच्या शाळेबद्दल बोललो. याबद्दल नाही.

आज नात सहा तास झोपली. उठली तेव्हा चेहरा मोकळा होता, स्वतः कॉफी करून मलाही दिली. मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं आणि साखर कमी आहे म्हणालो.

हे मी देवनागरीत लिहितोय. पुण्याला नोकरीत होतो तेव्हा शिकलो ही अक्षरं. तू जन्मभर घरात मराठी बोललीस, पण वाचायचीस तमिळ आणि इंग्रजी. माझाही हात अजून तमिळ अक्षरांवरच भराभर चालतो. आपली मराठी त्या अक्षरांत सहज लिहिता आली असती. पण तुला वाचता येणार नाहीत, अशीच अक्षरं मी निवडली.