केसाळ कोळी निर्मूलन समिती

लातूर,
१८ एप्रिल १९८३

चि. रुद्राणीस मन्मथअण्णाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. किनवटच्या रानातली शाळा आणि वसतिगृहातल्या पोरी बऱ्या आहेत हे वाचून तुझ्या वहिनीचा, उमाबाईचा, जीव भांड्यात पडला. इकडं पाण्याचे लई हाल. टँकरचा आवाज आला की उमाबाई पोळी तव्यावर सोडून पळते. परवा आम्ही तीन कोळसे खाल्ले आणि चांगले झालेत म्हणालो.

जिल्हा नवा होऊन आठ महिने झाले. आमच्या कार्यालयात खुर्च्या अजून यायच्यात, पण समित्या सोळा झाल्या. सतरावी परवा झाली आणि तिचा सदस्य-सचिव मी आहे. नाव, 'केसाळ कोळी निर्मूलन समिती'. हसू नकोस, पुढं वाच.

तांबरवाडीला दुष्काळी कामावर पाझर तलाव खणून राहिलेत. तिथं मुरमाच्या उतारात बिळं निघाली आणि एकातून तळहाताएवढा, तपकिरी, अंगभर केसांचा कोळी बाहेर आला. भुजंग म्हणून तिथला मुकादम आहे. त्यानं आमच्या साहेबांना सांगितलं, की याची नुसती सावली पडली तरी माणसाचं मांस झडतं. साहेबांनी त्याच दिवशी काम बंद केलं. दोनशे बाया घरी बसल्या आहेत. त्यात देखरेखीच्या बाबूचा अहवाल आला, की एक कोळी सकाळी अकरा वाजता उताणा पडून मयत झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी दोन सापडले. म्हणजे मेल्यावर दुप्पट होतात! साहेबांनी त्यावर लाल शाईनं 'अत्यंत गंभीर' लिहिलं.

तू विज्ञान शिकवतेस. कोणती पावडर टाकावी ते लगेच कळव. नव्या जिल्ह्याचं पहिलंच संकट, आपल्या हातून चूक नको.

उमाबाईचे आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मन्मथअण्णा


किनवट,
२७ एप्रिल १९८३

ती. मन्मथअण्णांस रुद्राणीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वर्गात मोठ्यानं वाचलं, क्षमा असावी. पोरी बाकावर लोळल्या. पाल दिसली की आजही जे वहिनींच्या पाठीमागं उभे राहतात, त्यांना सरकारनं कोळ्यावर धाडलंय!

पावडर कसलीच टाकू नका. आमच्या वसतिगृहामागं बांधाला असंच एक बीळ आहे. तीन वर्षं आम्ही ते पाहतोय. नांदेडच्या कॉलेजातले एक प्राध्यापक येऊन गेले, त्यांनीही समजावून सांगितलं. ती मादी आहे. जाळं पसरत नाही. बिळाला आतून रेशमाचं अस्तर लावते, दिवेलागणीला पुढचे पाय उंबऱ्यावर टेकून बसते आणि नाकतोडा, झुरळ जवळून गेलं तरच ओढून घेते. ऊन फार झालं की माती नि रेशमानं दार लिंपून आत गप राहते. एकाच घरात वर्षानुवर्षं. नर तेवढा पावसाळ्यात तिला शोधत हिंडतो आणि बहुधा त्या हिंडण्यातच संपतो. डिवचलं तर ती पुढचे पाय उचलते, तेव्हा मागं सरावं. चावली तर दुखतं, सुजतं. पण तिच्या चाव्यानं माणूस मेल्याचं त्या प्राध्यापकांच्या ऐकिवात नाही.

आणि तो मेल्यावर दुप्पट झालेला कोळी! अण्णा, तो कात टाकत होता. कात टाकताना कोळी उताणाच पडतो. बाबूंनी एक कोळी आणि एक रिकामी कात मोजली. तुमच्या कार्यालयात खुंटीला टांगलेला कोटही हजेरीत धरतात का?

एक विचारते, रागावू नका. काम बंद करा असं त्या बायांनी सांगितलं होतं का? त्यांना कुणी विचारलंय?

वहिनींना शरणार्थ सांगा. धाकटीवरचा लोभ उन्हानं सुकू नये.

आपली,
रुद्राणी


लातूर,
९ मे १९८३

चि. रुद्राणीस अ. उ. आ.

हे पत्र उमाबाईच्या हातचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय आणि मधूनमधून मला बोलतेय. माझा उजवा हात भोपळ्यासारखा सुजला आहे. घाबरू नकोस. जिवंत आहे, आणि तसा दाखलाही आहे.

तू विचारलंस ते मनाला लागलं. तीन तारखेला तांबरवाडीला गेलो. तिथं चतुराबाई म्हणून साठीची बाई आहे, बायांच्या टोळीत सगळ्यांत पुढं. तिला विचारलं, तर म्हणाली, की आमच्या आज्यापासनं ही कोळीण बांधात हाय, तिला आमी 'म्हातारी' म्हणतो. ती घर सोडत न्हाई, कुणाच्या वाटंला जात न्हाई. घरी बसवलं ते तुमीच आमाला सायेब, तिनं न्हाई. मग तिनं बोट दाखवलं. भुजंगच्या वाट्याचा बांध माती ठोकून दबाई न करताच वर उचलला होता. पहिल्या पाण्यात फुटून गाव वाहून गेलं असतं. तपासणीचा इंजिनिअर येणार त्याच आठवड्यात भुजंगला कोळी दिसला!

तेवढ्यात समितीचं पथक रॉकेलचा डबा घेऊन हजर. थांबा, लेखी आदेश दाखवा, असं मी म्हणून राहिलो, तोवर भुजंगनं काठी बिळात खुपसली. बिचारी बाहेर आली ती थेट माझ्या बाहीवर. मी घाबरून हातानं झटकली. चूक माझीच.

रुद्राणी, इंगळी चावल्यासारखी आग झाली. अख्खं गाव गोल करून बसलं, मांस कधी झडतं ते बघायला. भुजंगनं वस्तरा मागवला, बोट कापू म्हणाला. चतुराबाईनं तो हिसकून विहिरीत फेकला आणि मला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर हसले. गोळ्या दिल्या, जखम धुऊन काढली आणि रुग्ण ठणठणीत असल्याचं लिहून दिलं.

आमच्या कार्यालयानं आक्षेप काढला, की दंशानंतर हयात असल्याचा दाखला समितीच्या नमुन्यात नाही. नमुना मीच बनवला, मीच भरला, डाव्या हातानं सही केली. इंजिनिअरनं बांध पाहिला. भुजंगला काढलं. सोमवारपासून काम सुरू.

काळजी करशील हे माहीत आहे, म्हणून करू नको म्हणत नाही.

तुझा,
मन्मथअण्णा
(आणि जिला हे सगळं निस्तरावं लागतं ती, उमाबाई)


किनवट,
१९ मे १९८३

ती. अण्णांस सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. मी तुम्हाला कोळ्याबद्दल एवढं लिहिलं, पण बाहीवर आला तर झटकू नका, स्थिर उभं राहा, एवढी एक ओळ लिहायची राहिली. शिक्षिकेला हे शोभत नाही. सूज उतरल्याचं स्वतःच्या अक्षरात कळवा, तोवर मला चैन नाही.

वहिनींना सांगा, चतुराबाईला माझ्या नावानं एक लुगडं घ्या. नाही म्हणाली तर वहिनींनी रागवावं.

आशीर्वादाचा हात, बरा झाला की, डोक्यावर असू द्यावा.

आपली,
रुद्राणी


निलंगा,
२२ ऑगस्ट १९८३

चि. रुद्राणीस अ. उ. आ.

पाऊस झाला. तलावात कमरेएवढं पाणी आहे, बांध टिकला. खणताना कोळिणीचं बीळ बांधाच्या रेषेत येत होतं. बायांनी भोवतीचा मुरूम ढेकळासकट उचलून घमेल्यातून वरच्या लिंबाखाली नेऊन ठेवला. ती तिथं जगली की गेली, ठाऊक नाही. दोनदा पाहिलं, दार लिंपलेलं होतं.

आता खरी बातमी. जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाला प्रदर्शन होतं. साहेबांनी हुकूम केला, की तांबरवाडीहून पाच कोळी आणून स्पिरिटच्या बरण्यांत ठेवा आणि 'नव्या जिल्ह्याने नष्ट केलेले संकट' अशी पाटी लावा. बावीस वर्षांच्या नोकरीत मी प्रत्येक कागदावर 'आदेशाप्रमाणे' एवढंच लिहिलंय. या कागदावर लिहिलं, 'हे संकट नव्हते. असहमत.' लिहून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

चौथ्या दिवशी निलंग्याला बदली, कारण प्रशासकीय. समिती मात्र कायम आहे, कारण ती बरखास्त करायचा नमुना कुणाकडं नाही. प्रदर्शनात बरण्या रिकाम्याच मांडल्या, पाटी तीच. लोकांनी रांगा लावून पाहिल्या म्हणे.

काल एस.टी. स्टँडवर चतुराबाई आणि टोळीतल्या सात-आठ जणी आल्या होत्या. उमाबाईची ट्रंक त्यांनीच टपावर चढवली. चतुराबाईनं विचारलं, की सायेब, तुमचा गुन्हा काय. मी म्हणालो, एक ओळ लिहिली. तर म्हणाली, एकच वळ? ती लिवायला बावीस वर्सं लागली व्हय?

तिनं माझ्या हातात ज्वारीच्या लाह्यांची पुडी दिली आणि गाडी सुटली.

निलंग्याचा पत्ता मागं लिहिला आहे. इथंही भाऊच आहे असं समजून लिहीत जा.

तुझा,
मन्मथअण्णा