सोनूनं ओ दिली नाही

मंगळवार, संध्याकाळ

आम्ही टीव्हीवर रोज बघतो त्या सुपरहिरोच्या मालिकेत हिरोची मैत्रीण आधी संकट आलं की त्यालाच हाक मारायची. काल तिला स्वतःची शक्ती मिळाली अन् ती एकटीच, चूपचाप राक्षसाच्या गुहेत शिरली. माझ्या सोनूनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बरं वाटलं होतं, खोटं कशाला लिहू?

आज पहाटे आम्ही मायलेकी मोहफुलं वेचायला गेलो. वाघाचं जंगल. माणसांचा आवाज आला की वाघ लांब राहतो, म्हणून एकमेकींना हाका मारत राहायचं, हाक आली की ओ द्यायची, हे सोनूला चालायला लागल्यापासून माहीत आहे. मी हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. नाही. टोपली टाकून धावत सुटले. पोरगी झुडपामागं वाकून मुकाट वेचत होती!

"ओ काऊन नाई दिली?"

"ते टीव्हीतली आता कोणाले आवाज देते का, आई?"

भिऊन राहा म्हणून सांगू तिला?

आत्ता मालिका लागली. ती मैत्रीण परत एकटीच अंधारात निघाली. माझ्याच तोंडून निघालं, "आवाज दे ना व बाई!" सोनू हसली.

चुलीपाशी आल्यावर मी टीव्हीपुढं बसलेल्या सोनूला उगाच हाक मारली.

ओ आली नाही.