रिकामी झालेली खाट

जळगाव,
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

माझी लाडकी, विसरभोळी सारिका,

तुझ्या आजीचे, म्हणजे मंजुळाबाईचे, आशीर्वाद. नाव मुद्दाम सांगते, कारण तुझा भरवसा नाही. मला त्या वृद्धाश्रमाच्या दारात उतरवलंस आणि माझी लुगड्यांची पिशवी गाडीत तशीच घेऊन पुण्याला निघून गेलीस. पिशवी पुणं बघून आली असेल. म्हातारी भुसावळ रस्त्यावरच्या त्या आश्रमात गाऊन घालून बसली.

मी बरी आहे. जेवले. थंडी चांगली पडलीय. पत्र शालिग्राम गुरुजी लिहीत आहेत, वरणगावचे, आश्रमातच राहायचे, पुरुषांच्या बाजूला. जन्मभर पोरांचे कान पिरगाळलेत त्यांनी. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात, मला काय कळतंय! हिंमत मात्र मोत्यासारखी नाही. "मंजुळाबाई, हे नको लिहायला," असं आत्तापासूनच चाललंय. लिहून झालं की सिस्टर फोटो काढून तुझ्या मोबाइलवर धाडणार आहे. ती म्हणाली, आजी, सरळ फोनच लावून देते. मी नको म्हटलं. फोनवर तू मध्येच "आजी, एक मिनिट" म्हणतेस, आणि तेवढ्या मिनिटात माझा धीर सुटतो. आज मला कुणी अडवायला नको.

हो, सिस्टर म्हटलं मी. सरकारी दवाखान्यात आहे. बरगडीला जरा तडा गेलाय. हसलं की दुखतं, म्हणून गुरुजींना बजावलंय, विनोद करू नका. त्यांना ते मुळीच जड गेलं नाही.

आता कामाचं. तू मला तिथे कशाला ठेवलं होतंस? कौतिकसाठी. माझी धाकटी बहीण, लकव्यानं वाचा गेलेली, भडगावला तिचं करणारं आता कुणी नाही. तू म्हणालीस, "आजी, तू आठवडाभर राहून बघ. तू पास केलंस तरच मावशीआजीला आणते."

आणि मी पास केलं. तिसऱ्याच दिवशी, फोनवर. आठवतं ना?

फरशी कोरडी, संडासात धरायला दांड्या, चादरी धुतलेल्या. भूपेंद्र म्हणून एक तरणाताठा पोरगा बायांचं सगळं बघायचा, तोंडात सारखं "आई, आई". पण मी पास केलं ते या कशाला बघून नाही. मी भुलले मर्यादेला. तिथे सगळ्या म्हाताऱ्या गाऊनमध्ये, पदर आणायचा कुठून? तरी भूपेंद्र आत आला की प्रत्येक बाई गळ्यातला टॉवेल डोक्यावरून ओढून घ्यायची आणि मान खाली घालायची. आपल्याकडे जेठ-सासऱ्यासमोर घेतात तसं. मला वाटलं, काय वळणाच्या बाया आहेत! नातवाच्या वयाच्या पोराचासुद्धा मान राखतात. मीसुद्धा घेतला एकदा, चारचौघींत वेगळं दिसू नये म्हणून. तुला हसत हसत म्हटलं, "मर्यादेचं घर आहे, आण कौतिकला."

गुरुजी, थांबू नका. लिहा.

माझ्या शेजारच्या खाटेवर आक्काबाई होती, साक्रीकडची. सकाळी "जयभीम, बाई" म्हणायची, मी "रामराम" म्हणायची, मग ती माझ्या गाऊनला हसायची आणि मी तिच्या. शनिवारी दुपारी तिला खिचडी गिळेना. भूपेंद्रनं तिचं नाक दाबलं आणि चमचा आत कोंबला. ओठ फाटला. खिचडीत रक्त उतरलं तरी तो त्याच खिचडीचा पुढचा चमचा भरत होता.

"खाई लिसू रे भाऊ," ती म्हणाली. "खाई लिसू, मारू नको."

खाते म्हणत होती ती, आणि त्यानं अजून हात उचलला नव्हता, सारिका. आणि तिनं टॉवेल डोक्यावर ओढला. त्यानं तो हिसकून काढला आणि अशी थोबाडीत दिली की तिची कवळी माझ्या ताटात येऊन पडली. मी आजूबाजूला बघितलं. सगळ्या ओळीनं टॉवेल घेऊन, माना खाली घालून बसलेल्या. कुणी मर्यादा पाळत नव्हतं गं. सगळ्या आपापलं डोकं वाचवत होत्या.

"खरकटी झालीस, चल, अंघोळ घालतो," म्हणून त्यानं तिला केसांना धरून न्हाणीत ओढत नेलं. मागोमाग मी गेले. त्यानं तिचं डोकं नळावर आपटलं. मग परत आपटलं. कोपऱ्यात धुणं बडवायची मोगरी होती. आयुष्यभर गोधड्या बडवल्यात मी, हात सरावलेला. त्याच्या मनगटावर घातली. कडकन आवाज झाला, आणि मोगरी शाबूत होती. त्यानं मला लाथ घातली, तिथेच बरगडी गेली. मी पडल्या पडल्या त्याच्या गुडघ्यावर घातली. तो कोसळला तेव्हा दारात बाया उभ्या होत्या. डोक्यावर एकीच्याही टॉवेल नव्हता. त्यांनी त्याला ओल्या टॉवेलांनी बांधलं, आणि बांधताना एकीनं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. दात दोनच होते तिला, पण खोल गेले.

तेवढ्यात हे गुरुजी अनवाणी हमरस्त्यावर धावले आणि केळीच्या ट्रकसमोर आडवे झाले. हे ते स्वतः लिहायला तयार नव्हते. मी शपथ घातली.

ट्रक आला, पण आक्काबाई थांबली नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गरम होतं, मग गरम राहिलं नाही.

म्हणून सांगते. तुला आश्रमातून फोन येईल, कदाचित आलाही असेल, की खाट रिकामी झाली, शुक्रवारी पेशंट आणा. ती खाट आक्काबाईची आहे. कौतिकला तर "मारू नको" एवढंही म्हणता येत नाही.

काल मालक शेठ सफरचंदं घेऊन आले. म्हणाले, "आजी, म्हातारपणी न्हाणीत पाय घसरतो."

मी म्हटलं, "घसरतो ना शेठ. पण नळावर दोनदा घसरत नाही."

मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "त्याचं मनगट मोडलंय. त्यानं तुमच्यावर तक्रार केली तर?"

म्हटलं, "करू द्या. दुसरं राहून गेलं, तेवढं माझं चुकलं."

उद्या पोलीस जबाब घ्यायला येणार आहेत. आश्रमातल्या बायांनाही इथेच हलवलंय, माझ्याच वॉर्डात आहेत. सिस्टर थर्मामीटर घेऊन आली तरी चादर डोक्यावर घेतात. लेकरांचे फोन येतात, "आई, भानगडीत पडू नको." शेठनं शेवटी त्यांनाच गाठलंय. मी उठून गेले तर एकीच्याही तोंडून शब्द निघणार नाही. तेव्हा मला न्यायला येऊ नकोस. सगळ्यांचे जबाब होईपर्यंत मी इथून हलणार नाही.

तू भडगावला जा. कौतिकला आपल्या धुळ्याच्या घरी आण आणि सुट्टी काढून तिच्याजवळ राहा. तिला माझं काही सांगू नको. बोलता येत नसलं तरी कळतं सगळं. आणि तिच्याजवळ जाताना समोरून जा, दोन्ही हात तिला दिसू देत.

तुला चुकीचं सांगणारी आणि आता खरं सांगणारी,
तुझी आजी

ता. क. कुणी जळगावला येणारं असेल त्याच्याबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत धाड, सगळ्या बायांना पुरेल इतकं. भरीत झणझणीत कर, मिरच्या मोजत बसू नको. खिचडी धाडू नको.