साडेसोळा किलोंचा फरक

४ नोव्हेंबर, सोमवार

आज घडलं ते असं :

१. सकाळी ९.४० ला घोड्यांच्या छावणीत पोचले. माझी घोडी खारीक गाडीतून एकदाही न बिचकता उतरली. ड्रायव्हर मात्र बिचकलेला होता. चार तास एक घोडी पाठीमागे फुरफुरत असणं त्याला मानवलं नाही.
२. मालकांनी स्वागत केलं. तीनदा मॅडम म्हणाले, एकदा बेटा. बेटाला मी ओ दिली नाही.
३. तंबू क्रमांक सात मिळाला. जमीन सपाट, नळ अकरा पावलांवर, घोडे बांधायची दोरी समोरच, दोन झाडांच्या मध्ये ताणलेली. इतकी चांगली जागा मला घरीही कधी मिळालेली नाही.
४. खारीकने दोन बादल्या पाणी पिऊन पहिलं काम केलं ते शेजारच्या घोड्याचं गवत चोरायचं.
५. वजनकाट्याचे चारही खोके आले. एकही फुटलेला नाही.
६. दुपारी ऊन, वारा, झोप. इतकं बरं वाटतंय की आपलाच आपल्याला संशय यावा.

काम साधं आहे. गेल्या हंगामात इथल्या दोन घोड्यांच्या पाठी जड स्वारांनी कामातून घालवल्या. म्हणून मालकांना मोठा काटा हवा आहे. घोडा स्वारासकट तोलायचा, जंगलवाटेवर जाताना आणि परत आल्यावर. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं असेल तर स्वाराने पायी फिरावं. काटा बसवणं आणि तीन आठवड्यांच्या नोंदी घेणं माझ्याकडे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

काटा तात्पुरता जोडला. वीस किलोंची प्रमाण वजनं ठेवून चारही कोपरे तपासले. अर्ध्या किलोपर्यंत बिनचूक.

छावणीतल्या माणसांविषयी तसं सांगता येणार नाही. एक वकील आहेत. गुडघ्यापर्यंत बूट आणि घोट्यापर्यंत अक्कल. स्वतःचं वजन ७८ म्हणाले, काटा ९१ म्हणाला, तर काटा बिघडलाय म्हणाले. एक दंतवैद्य बाई आपल्या घोड्याशी बोबडं बोलतात. घोडा मान फिरवतो. छावणीतलं सगळ्यात समंजस वागणं मला त्याचंच वाटलं.

आणि पागेवाले काका. चाळीस वर्षं इथले घोडे सांभाळतात. दात कमी, मतं भरपूर. वाटेवर रांगेत शेवटचा घोडा नेहमी त्यांचा. परत येताना छावणीच्या तोंडाशी एक लाकडी फाटक लागतं. तिथे काका सगळ्यांना खाली उतरवतात. घोड्याच्या पोटाखालचा तंग सैल करायचा, इथवर ठीक. दमलेल्या घोड्याला ते बरंच. पण मग घोडा फाटकाच्या वरच्या ओंडक्याला समांतर उभा करायचा, खोगिराच्या मागे पाठीवरून हात फिरवायचा आणि उतरा आता असं म्हणायचं. कुणाला, तर कुणालाच नाही. नंतर एकशे वीस पावलं घोडा हाताने चालवत आणायचा. वकीलसाहेबसुद्धा हे इमानेइतबारे करतात.

मी कारण विचारलं. काका म्हणाले, पोरी, जंगलातून येताना मागे कुणी ना कुणी बसतंच, त्याला दारात उतरवायचं, एवढंच. मी विचारलं, तिकीट कोण फाडतं? बाकीचे हसले. काका हसले नाहीत. ओंडक्याच्या मधोमध लाकूड झिजून गुळगुळीत झालंय.

६ नोव्हेंबर, बुधवार

परतीचं वजन मिळत नाही. सगळे फाटकाशी उतरतात, पुन्हा चढायला कुरकुर करतात. दंतवैद्य बाईंना चढवायला दोन माणसं आणि नऊ मिनिटं लागली. अशा नोंदींना काही अर्थ नाही.

मालकांना लेखी कळवलं. फाटकाशी उतरण्याची पद्धत अशास्त्रीय आहे, ती बंद करावी. फाटक काढावं, कारण छावणीत काट्यासाठी खरी सपाट जागा तेवढीच आहे. मालक म्हणाले, मॅडम, तुम्ही म्हणाल तसं. काकांना त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. काका म्हणाले, मालक, फाटक राहू द्या, हवं तर मला काढा. मालकांनी दोन्ही काढलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काका सकाळी मुलीच्या गावी गेले. जाताना खारीकच्या मानेवर थोपटलं. माझ्याकडे बघितलं नाही. फाटकाच्या जागी काटा बसवला. ओंडका शेकोटीत गेला. वकिलांनी कुऱ्हाड चालवली आणि प्रत्येक घावाचा फोटो काढून घेतला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पहिल्यांदा सगळे घोड्यांवर बसूनच आत आले. रांगेत शेवटी मी होते. जाताना खारीक, मी आणि खोगीर मिळून ५०६.५. परत आल्यावर ५१९. अकरा किलोमीटर चालून घामात तीन-चार किलो जायला हवेत. गेले नाहीत, उलट साडेबारा वाढले.

बाकी सगळ्या घोड्यांची वजनं नियमाप्रमाणे घटली आहेत. काट्याखाली माती किंवा गवत अडकलं असेल. उद्या बघते.

९ नोव्हेंबर, शनिवार

काट्याखाली काही नाही. प्रमाण वजनं ठेवली, बरोबर. मी एकटी उभी राहिले, ५३, बरोबर. खारीक एकटी, खोगिराशिवाय : ४५४.५. मंगळवारी ती ४३८ होती. छातीचा घेर मोजून वजन काढायची फीत असते, ती लावली. फीत ४३८ म्हणते. फरक साडेसोळा किलो. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तेवढाच.

वकिलांनी विचारलं, आता बिघडला ना काटा? खारीक मागचे पाय फाकवून उभी राहते. शेजारचा घोडा दोरी ताणून जितका लांब जाता येईल तितका गेलाय. तिचं गवत तसंच पडलंय, आणि आता ते कुणी चोरतही नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

काटा ४५४.५. फीत ४२७.

घोडी डोळ्यांदेखत वाळतेय आणि काट्यावर एक ग्रॅम कमी होत नाही. घोड्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी काट्याचा आकडा विचारला. सांगितला. म्हणाले, वजन जागच्या जागी आहे, मग रडताय कशाला? मी फितीचं सांगितलं. म्हणाले, एवढा महागामोलाचा काटा सोडून शिंप्याच्या फितीवर विश्वास ठेवणारी इंजिनिअर पहिल्यांदाच भेटली. पुढच्या सोमवारी येतो म्हणाले.

वाईट याचं वाटतं, की त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काटा ४५४.५. फीत ४१२. फरक ४२.५.

म्हणजे ती जितकी उतरते तितकं दुसरं काहीतरी चढतं. बेरीज तीच राहते. याला बिघाड म्हणत नाहीत. बिघाड इतका नेटका नसतो.

दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, तिच्या पाठीवर पातळ चादर टाकली. चादर पाठीवर टेकली नाही. खोगिराच्या जागेमागे एक हात उंच उभी राहिली, तंबूच्या कापडासारखी. दोन्ही बरगड्यांवर चादर आत दाबली गेली, दोन ठिकाणी, प्रत्येक जागा मुठीएवढी. जमिनीपासून उंची डावीकडे ११८ सेंटिमीटर, उजवीकडे १२१.

गुडघे.

चादर मी काढली नाही. ती वाऱ्याने पडली. वारा नव्हता.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काकांना फोन केला. आधी म्हणाले, कोण? मग म्हणाले, अच्छा, काटेवाल्या बाई. मी आता पोरी राहिलेली नाही.

सगळं आकड्यांसकट सांगितलं. ते म्हणाले, बाई, दारापर्यंत सोबत कुणीही येतं. घरात तुम्ही घेतलंत, तेही दार मोडून. ते काय आहे, विचारलं. म्हणाले, चाळीस वर्षांत मी विचारलं नाही. सांगितल्यावर गुपचूप उतरून ओंडक्यावर बसत होतं, विचारायचं कशाला? म्हणून तर मी शेवटी असायचो, ते शेवटच्याच पाठीवर बसतं.

आता कसं उतरवायचं, विचारलं. म्हणाले, जमिनीला ते पाय लावत नाही. बसायची जागा तुम्ही जाळलीत. आता या पाठीवरून त्या पाठीवर, तेही दुसरा आपणहून वाकला तर. घोडा आपणहून वाकत नाही, शहाणा प्राणी आहे. ते वकील आहेत ना अजून, एक्क्याण्णव किलोवाले? त्यांना विचारून बघा, त्यांना कळायचंही नाही.

मग म्हणाले, घोडी चांगली होती हो. होती, असं म्हणाले.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

नवा ओंडका दोन खांबांवर बसवला. घोडी समांतर उभी केली. हात फिरवला. म्हणायचं ते म्हटलं. मालक बघत होते, तरी म्हटलं. नऊ वेळा.

काटा तोच. फीत ३९९.

दुपारी खारीक पुढच्या गुडघ्यांवर बसली. उठवायला पाच माणसं लागली. डॉक्टर सोमवारीच येणार. सोमवारपर्यंत ती टिकणार नाही. चार वर्षांपूर्वी रायडिंग स्कूलवाले तिला खाटकाकडे धाडायला निघाले होते, तेव्हा मी तिला आणली. आता तिला मारलं ते मी, आणि तेही दोन ओळींच्या अहवालाने.

दंतवैद्य बाई तिच्याशी बोबडं बोलत बसल्या होत्या. मी त्यांना थांबवलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

फीत ३९६. म्हणजे ते ५८.५. माझ्यापेक्षा साडेपाच किलो जास्त.

वकिलांचा विचार केला. पुरा एक तास केला. ते आले, घोडी उठवायला मदत करू का विचारलं, वाकलेसुद्धा. मी त्यांना हाकलून दिलं. मूर्ख माणूस आहे, पण ही चूक त्याची नाही.

मग तिच्या बाजूला उभी राहिले, हात गुडघ्यांवर टेकले आणि पाठ पुढे केली. लहान मुलाला पाठंगुळीला घेताना करतात तशी. ये म्हटलं.

खारीकने अंग झटकलं. पाण्यातून बाहेर आल्यासारखं, मानेपासून शेपटीपर्यंत.

तिला काट्यावर घेतलं. ३९६. फीत ३९६.

मग मी. १११.५.

१७ नोव्हेंबर, रविवार

खारीकने सकाळी गवत संपवलं. मग शेजाऱ्याचं. ४०१.

मी काट्यावर १११.५. माणसांसाठी तशी फीत नाही. कंबर मोजली. काल ६८, आज ६४.

त्याला बसता येत नाही. डावीकडे झुकतं, टाच आत रुतवतं. असा स्वार मी घोड्यावर चढूही दिला नसता.

१८ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर आले. घोडी सुधारतेय म्हणाले, विनाकारण घाबरवलंत. मला म्हणाले, तुम्ही जरा खात जा. काट्यावर उभं राहायला सांगितलं नाही. घोड्यांचे डॉक्टर.

कंबर ६०. सरळ उभं राहता येत नाही. हनुवटी माझ्या डाव्या खांद्यावर. मी लिहिते तिकडे बघतं.

घोड्याला पायांनी चालवतात. एका बाजूचा पाय दाबला की घोडा वळतो, दोन्ही टाचा मारल्या की चालू लागतो. घोड्याला ते शिकायला महिने लागतात.

आज जेवायला निघाले होते. उजवीकडे वळले. मला वळायचं नव्हतं —

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कंबर ५५. दोनदा जंगलवाटेच्या तोंडापर्यंत. दोन्ही वेळा झाडाला धरून — हात सोलले. मालक म्हणतात, मॅडम, घोडी आता बरी आहे, शनिवारपासून भाड्याच्या रांगेत लावू. नको म्हटलं. ऐकू गेलं नसावं. आवाज —

२० नोव्हेंबर, बुधवार

पागेवाले काका,

हे पान फाडून दंतवैद्य बाईंकडे देतेय. त्या तुम्हाला पोचवतील. त्या कबूल करतात ते करतात. मी उगाच हसत होते त्यांना.

फाटकाची चूक माझी. खारीकला शनिवारच्या आत घेऊन जा. ती तुमची. कागदावर सही केली आहे. मोठ्या रस्त्याने या, जंगलवाटेने नको. तिला उजवा लगाम हलका लागतो. मी कुठे दिसले तर आधार देऊ नका. मी खाली बसलेली असले तरी वाकू नका, मी कितीही —

येणार की नाही ते शुक्रवार, २२ तारखेपर्यंत कळवा. मी इथेच आहे, तंबू क्रमांक सात, शुक्रवारपर्यंत तरी मी कुठेही —

दोन्ही टाचा —