तीन उकळ्या

पांढरकवडा,
शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९६२

चि. सदाशिव यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझी वहिनी ठीक, कापूस बरा. तुझ्या बरणीतलं जे पोरांच्या पोटात गेलं होतं, तेही बाहेर पडून आता ठीक आहे.

आपल्या घराण्यात सात पिढ्या कोणी मासा शिवला नाही. तू कोकणात कारखाना काढून थेट मुरवायलाच घेतलास. मी हसलो होतो. ‘वसतिगृहातल्या पोरांना प्रथिनं मिळतील, वरणात दोन पळ्या घाला,’ असं लिहून तू माशांच्या अर्काच्या दोन बरण्या धाडल्यास. एस.टी.वरून त्या मीच उतरवून घेतल्या.

गेल्या आठवड्यात गुरुवारी पहिली बरणी उघडली. जेवणानंतर अर्ध्या तासात सोळा पोरांची तोंडं पळसासारखी लाल! अंगभर गांधी उठल्या, डोकी ठणकायला लागली, दोघांना ओकाऱ्या. डॉक्टर आले, सुया टोचल्या, संध्याकाळी उतरलं.

चिटणीस भगवानरावांनी तुला विचारलं. तुझी तार आली: ‘माल शुद्ध. स्वयंपाकिणीनं नीट उकळला नसेल.’ एवढ्या शब्दांवर वसतिगृहाच्या समितीनं सभा घेऊन रुपीबाईला काढलं. अकरा वर्षं ती त्या चुलीशी होती.

सदाशिवा, तुझं दिवाळीचं पत्र माझ्यापुढं उघडं आहे. मला शहाणा करायला तू लिहिलं होतंस, ‘मासा मिठात जाण्याआधी उन्हात पडून राहिला तर त्यात हिस्टामिन नावाचं विष तयार होतं. मग मीठ घाला, वर्षभर मुरवा, कितीही उकळा, ते जात नाही. वासानंही कळत नाही.’ आणि संक्रांतीच्या पत्रात? ‘बर्फ संपला, तारली मासळी दीड दिवस वाळूत पडून होती, तरी अर्काला रंग काय सुंदर आलाय!’

न्यायशास्त्रात याला वदतोव्याघात म्हणतात. आमच्या बाजारात लबाडी म्हणतात. इथं बाजाराचा शब्द अधिक नेमका आहे.

काल रुपीबाई तांड्यावरून चालत आली. दारातच उभी राहिली.

“गुरुजी, बाजारात मले इखवाली म्हनून राह्यले. तांड्यात कोनी माह्या हातचं पानी घेत नाही. मी तीन उकळ्या देल्या का नाही?”

“दिल्यास.”

“मंग सभेत काहून नाही बोलले?”

आत तुझ्या वहिनीच्या भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हणालो, “हळू बोल, बाई.”

“हळूच तं बोलून राह्यली, गुरुजी, आठ दिवसांपासून.”

ती गेली. तुझ्या वहिनीनं ताट जरा जोरात वाढलं.

आता जे टाळत होतो ते लिहितो. त्या तीन उकळ्या मी मोजल्या, कारण मी स्वयंपाकघरात वाटी घेऊन बसलो होतो. परीक्षणार्थ, असं रुपीबाईला सांगितलं. परीक्षण तीन वाट्या चाललं. मग वर्गात विभक्ती शिकवताना माझंही तोंड पेटलं. पोरांना वाटलं, शास्त्रीबुवा संतापले. त्या तासाला एकाचंही रूप चुकलं नाही. सभेत तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझं सोवळं सांभाळलं तिनं. मी बसून राहिलो.

सोमवारी समिती पुन्हा बसते आहे. मी उभा राहणार आहे, तिन्ही वाट्यांसह. तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवीन. दुसरी बरणी लाख लावून यवतमाळच्या अन्ननिरीक्षकांकडे कालच दिली. तुझा कारखाना बंद पडेल, हे मला कळतं. मी विचार करून केलं आहे.

तुझ्या कारखान्यातल्या बाकीच्या बरण्या आणखी कुठकुठल्या वसतिगृहांत गेल्या, तिथं आजच्या आज तारा कर. तारेत ‘उकळा’ असं लिहू नकोस. ‘फेका’ लिही. आणि एक पत्र रुपीबाईच्या नावानं घाल. तिला वाचता येत नाही. बाजाराच्या दिवशी चौकात मी मोठ्यानं वाचीन.

वर आशीर्वाद लिहिला आहे, तो खोडत नाही. तोंड पुन्हा लाल झालं आहे, आणि या खेपेला मासा खाल्लेला नाही.

तुझा थोरला भाऊ,
त्र्यंबक
(तीन वाट्यांचा साक्षीदार)