पडद्याआडचं पाणी

१८ नोव्हेंबर १९५७

पत्र्याचा टब आला. लोटनभाऊने स्वतः सायकलला बांधून आणला. सारंगखेड्यात त्याला पाणीवाला म्हणतात. केळीचा बागायतदार, चौथी शिकलेला. पुण्याकडच्या एका आश्रमात दोन वर्षं राहून जलचिकित्सा शिकून आला.

जसोदाला तीन वर्षं अन्न जात नाही. पोट दुखतं. लुगडं आता दोनदा गुंडाळावं लागतं. तीन डॉक्टर झाले. आता पाणी! बायकोसाठी माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून हो म्हणालो.

१९ नोव्हेंबर

पद्धत अशी. रात्रभर अंगणात ठेवलेल्या माठातलं पाणी टबात घ्यायचं. कमरेपर्यंत बसायचं. पाय बाहेर, कोरडे, घोंगडीत. ओल्या खादीच्या फडक्याने बेंबीखालचं पोट चोळत राहायचं. वीस मिनिटं.

पडवीला जुनं लुगडं बांधून पडदा केला. आत जसोदा आणि मी. बाहेर ओट्यावर लोटनभाऊ, हातात घड्याळ. परक्या बाईच्या अंगाला तो हात लावत नाही, आत येत नाही. पाणी ओतायचं मी. बोलायचं त्याने.

"हात थांबू दिऊ नको, माय!"

तिने हात थांबवला नाही. दात वाजत होते तरी नाही. माझं सांगणं ती इतक्या मुकाट्याने कधी ऐकत नाही.

२३ नोव्हेंबर

आज त्याने बाहेरून गोष्ट सांगितली. परमुलखात डोंगरात एक शेतकऱ्याचा पोरगा होता. एक लंगडं हरीण रोज झऱ्यावर येई, दुखरा पाय पाण्यात धरून उभं राही. पुढे गाडीखाली सापडून पोराच्या बरगड्या मोडल्या. वैद्याने हात टेकले. पोराने हरीण आठवलं, ओलं फडकं गुंडाळलं, बरा झाला. मग दुनिया त्याच्या दारात.

"तो बी आपलासारखा शेतकरीच व्हता, माय. जठे पानी, तठे दवाखाना."

बारा वर्षं मुलांना मराठी शिकवतो. एवढ्या थोड्या शब्दांत मला गोष्ट सांगता आली नसती. याचाच राग आला.

२७ नोव्हेंबर

लोटनभाऊ बाहेरून मला म्हणाला, "मास्तर, पोट गरम ते डोकं बी गरम. तुम्हनं काय गरम शे?"

ती हसली. आवाज नाही — टबातलं पाणी हललं, त्यावरून कळलं. मी बादली आपटली.

नंतर ती त्याच्याशी कितीतरी वेळ बोलली. माहेर, म्हशी, कापूस वेचताना चावलेला विंचू. सगळं अहिराणीत. लग्न झाल्यावर मीच सांगितलं होतं — मास्तराच्या घरात शुद्ध बोलावं. तेव्हापासून माझ्याशी शुद्ध बोलते. थोडं बोलते.

३० नोव्हेंबर

लोटनभाऊ नव्या सदऱ्यात आला. कशाला?

३ डिसेंबर

दत्तजयंतीच्या यात्रेसाठी, बाजारात विकायचे घोडे यायला लागले. नदीच्या वाळवंटात तंबू पडले.

जसोदाने काल दीड भाकरी खाल्ली. आज पडद्यातून त्याला सांगितलं — "दीड भाकर खादी, भाऊ!" मला नाही सांगितलं. मी समोरच जेवत होतो, हे खरं. पण सांगितलं त्याला.

भाऊ म्हणते. म्हणू दे!

५ डिसेंबर

केलं.

माझ्या अंघोळीसाठी बंब पेटलेलाच होता. माठाचं पाणी अंगणात ओतून दिलं. टबात बंबाचं, वाफ दिसणार नाही इतकंच ऊन. ती बसली की ओरडेल, लोटनभाऊचं शास्त्र कोलमडेल, टब परत जाईल.

ती बसली. माझ्याकडे पाहिलं.

"पानी कसं शे, माय?"

"बरफ!" ती म्हणाली. "आंगवर काटा उना."

मी रिकामी बादली घेऊन तसाच उभा.

६ डिसेंबर

पहिल्यांदा भीती वाटली — कातडी मेली की काय? गरम चहा दिला. फुंकून प्यायली. कातडी जिवंत आहे.

म्हणजे जाणूनबुजून खोटं बोलली. उपचार बंद होऊ नये म्हणून. ओट्यावरचा आवाज रोज यावा म्हणून. दुसरं काय कारण असणार?

आजही ऊन पाणी ओतलं. आजही ती म्हणाली — बरफ.

७ डिसेंबर

दत्तजयंती. लोटनभाऊने तिला कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावर उभं केलं. टब आला तेव्हापेक्षा दोन शेर वाढली! यात्रेला आलेली माणसं जमली. "थंड पानीना गुन!" तो सगळ्यांना सांगत होता. "इचारा मास्तरले, त्यासनाच हातनं पानी शे."

सगळे माझ्याकडे बघत होते. ती पण.

८ डिसेंबर

रविवार. शाळेच्या वह्या घरीच तपासल्या. एकाही मुलाला शाबासकी दिली नाही.

९ डिसेंबर

लोटनभाऊकडे यात्रेचे पाहुणे. ओटा रिकामा. तरी पडदा बांधला. बंबाचं पाणी ओतलं. ती डोळे मिटून बसली आणि माझ्याशी बोलली. अहिराणीत.

"माले थंडी सोसत नही. पंधरा दिन दात दाबीसन बसनू. बारा वरीसमा पहिल्यांदा तुम्ले समजनं. चोरी चोरी पानी ऊन करं ना, मन्हासाठे?"

मग म्हणाली, "लोटनभाऊले सांगू नका. त्याले वाईट वाटी."

मी हो म्हणालो.

उद्या बंब लवकर पेटवायला हवा.