सव्वा किलो इटली

३ फेब्रुवारी, सकाळी सात
यशोदाचा गुडघा? दुखतोय, पण चालतो. बंगळुरूला साधनाची सर्दी? गेली म्हणते. शेजारच्या गोटीरामचं बीपी? मला बघितलं की चढतं. माझं? जिना चढलो की दम. बाकी ठीक.
साधनाने, म्हणजे लेकीने, वाढदिवसाला डीएनए टेस्टचं खोकं पाठवलं होतं. नळीत रेघेपर्यंत थुंकायचं. जन्मभर तंबाखू खाऊन तोंड कोरडं ठाक, पण जमवलं. आज रिपोर्ट आला. ९८.१ टक्के इकडचाच. १.९ टक्के इटली.
मला आतून माहीतच होतं. हे नाक काय उगाच आहे?

५ फेब्रुवारी
वजन चौसष्ट किलो. म्हणजे सव्वा किलो इटली. गोटीराम म्हैस धूत होता, त्याला सांगितलं. म्हणाला, देवरामभाऊ, माझ्या दुधात याच्यापेक्षा जास्त पाणी असतं.
अडाणी.
संकल्प: रोज दहा इटालियन शब्द. ठेचा बंद, आपल्या रक्ताला सोसत नाही.

८ फेब्रुवारी
शब्द झाले दोन. पैकी एक पिझ्झा.
यशोदाचा भाऊ झुंबर आला होता. त्याच्यासमोर सहज म्हणालो, आमचं रक्त समुद्रापलीकडचं, तुमचं सगळं निफाडातल्या निफाडात. हसतील वाटलं. यशोदा म्हणाली, मग इटलीलाच जेवायला जा. संध्याकाळच्या एसटीने भावाबरोबर माहेरी गेली.
गुडघ्याला हवापालट हवा असेल.

१२ फेब्रुवारी
खिचडी खाली करपली, वर कच्ची. मधली खाल्ली.
साधनाचा फोन. म्हणे बाबा, एक-दोन टक्के म्हणजे नुसता अंदाज, पुढच्या वेळी दुसराच देश दाखवतील. आधी आईला फोन करा. म्हटलं, अंदाजाला असं नाक असतं का? आणि आई उद्या येईलच.
खलबत्ता पुसून ठेवला. सहज.

१५ फेब्रुवारी
आली नाही. फोन झुंबरची सून उचलते. आत्याबाई बागेत गेल्यात म्हणते. तीन दिवस बागेतच?
इटालियन बंद. दमलो.

१६ फेब्रुवारी, दुपारी
साधनाने रिपोर्ट पुन्हा वाचला. वडिलांकडच्या वंशाच्या पानावर लिहिलंय, नमुना स्त्रीचा असल्याने माहिती उपलब्ध नाही. तिने विचारलं, बाबा, थुंकलं कोण?
आठवलं. माझ्या तोंडातून थेंब निघेना, तेव्हा यशोदा म्हणाली होती, द्या इकडे, पोरीने हौसेने पाठवलंय, वाया नको जायला. अख्खी नळी तिनेच भरली.
म्हणजे इटली निफाडची. माझं कुणी मोजलेलंच नाही.
फोन ती घेत नाही, म्हणून पोस्टकार्ड लिहितोय. आधी इथे कच्चं:
यशोदा, गुडघा कसा आहे? झुंबरभाऊंचा खोकला? सूनबाईंची कंबर? मी बरा आहे. हे खोडायचं. मी बरा नाही. समुद्रापलीकडचं रक्त तुझं निघालं, नाक तेवढं माझं. ठेचा मी कुटून ठेवतो. उत्तर लवकर लिही. जास्त नको, कितीच्या एसटीने येतेस एवढंच लिही.